भाषण राजाचं, पण पुढची दहा मिनिटं कोणाची?

९ सप्टेंबर २०२२ ची रात्र आठवतीये का? अनंत चतुर्दशी होती, दोन वर्षं कोरोनामुळे बादलीत विसर्जन केल्यावर पहिल्यांदाच दणक्यात मिरवणुका निघालेल्या, आणि आदल्याच दिवशी तिकडे राणी एलिझाबेथ गेलेली. आम्ही आमचा गणपती दुपारीच पोचवून आलो होतो आणि रात्री साडेदहाला (लंडनला तेव्हा संध्याकाळचे सहा) टीव्हीसमोर पसरलो होतो. एका मराठी न्यूज चॅनेलनी स्क्रीनचे दोन तुकडे केलेले, एका बाजूला लालबागचा राजा आणि दुसऱ्या बाजूला लंडनचा. ढोल-ताशाचा आवाज बारीक करायला बहुतेक कोणीतरी विसरलं होतं, त्यामुळे चार्ल्स आपला गंभीर चेहऱ्यानी निळ्या दिवाणखान्यात बसून बोलतोय, टेबलावर आईचा फोटो, आणि मागे ताशा कडकडतोय. अँकर बाई वाक्यावाक्याला भाषांतर करायला धडपडत होत्या, एक वाक्य पकडेपर्यंत पुढची दोन निसटायची. ‘माझ्या लाडक्या आईला’ एवढं मात्र आम्हाला नीट ऐकू आलं.

नऊ-साडेनऊ मिनिटांत आटपलं सगळं. आई म्हणाली, "बरा बोलला हो. पण म्हणजे आता हा करणार काय नेमकं? आणि आपला कोण लागतो हा?"

प्रश्न एकदम रास्त होता. उत्तरही फार अवघड नाहीये, दोन मिनिटांत सांगता येतं, की बाबा हा ब्रिटनचा आणि अजून १४ देशांचा नामधारी राजा, कारभार तिकडचे पंतप्रधान करतात, आणि भारत राष्ट्रकुलात आहे, हा त्या राष्ट्रकुलाचा प्रमुख आहे, पण आपल्यावर त्याची काही सत्ता नाही, आपण प्रजासत्ताक आहोत. पण चॅनेलवर भाषण संपल्या संपल्या सुरू झालं ते कोहिनूर. कोहिनूर आता कोणाच्या डोक्यावर, कोहिनूर आपल्याला परत मिळणार का. मग ब्रेक. मग परत लालबाग. आईचा प्रश्न तसाच राहिला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे घोळतंय. राजे-राण्यांची खास भाषणं टीव्हीवर कशी दाखवावीत यावर ब्रिटनमध्ये बरीच भांडणं होतात, पण ती बहुतेक एकाच गोष्टीवर असतात, दाखवावं की नाही आणि किती वेळ दाखवावं. माझं म्हणणं आहे की दाखवा ना, खुशाल दाखवा, पाच-दहा मिनिटांचं भाषण कोणाचं काय वाकडं करतं. पण दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे बघणाऱ्याच्या हातातला रिमोट काढून घेऊ नका, आणि दुसरं म्हणजे भाषणानंतरची दहा मिनिटं तुमची आहेत, म्हणजे पत्रकाराची आहेत, ती राजवाड्याला आंदण देऊ नका. भाषण राजाचं असतं हे मान्य, त्यात काय असावं ते तो ठरवणार. चॅनेलची परीक्षा पुढे सुरू होते.

आधी वेळेचं बघू, कारण तिथेच खरी गंमत आहे. ब्रिटनच्या राजाचं नाताळचं भाषण दुपारी तीनला असतं, आणि लोकांना वाटतं काहीतरी जुनीपुराणी राजघराण्याची परंपरा असेल, जेवणं झाल्यावरचा मुहूर्त वगैरे. तसं काही नाही. १९३२ साली पाचव्या जॉर्जनी सँड्रिंगहॅमच्या घरून पहिल्यांदा रेडिओवर भाषण केलं (लिहून दिलं होतं रुडयार्ड किपलिंगनी, आपल्या मुंबईत जन्मलेला तोच), तेव्हा शॉर्टवेव्हवरून साम्राज्यातल्या जास्तीत जास्त देशांना ऐकू जाईल अशी वेळ शोधली आणि ती निघाली दुपारचे तीन. म्हणजे आपल्याकडे आजच्या घड्याळानी रात्रीचे साडेआठ. टेबलावर जाड कापड टाकलं होतं म्हणे, कागदांची फडफड माइकमध्ये जाऊ नये म्हणून. थोडक्यात वेळ इंजिनिअरांनी ठरवली, आणि ऐकणाऱ्याला सोयीची म्हणून ठरवली. पुढे साम्राज्य गेलं, शॉर्टवेव्ह गेली, १९५७ पासून टीव्ही आला, पण तीन वाजले की राजा हे तसंच चिकटून राहिलं. १९६० पासून भाषण आधीच रेकॉर्ड करायला लागले, टेप्स राष्ट्रकुलातल्या देशांना वेळेत पोचाव्यात म्हणून. म्हणजे ‘आत्ता, या क्षणी राजा आपल्याशी बोलतोय’ ही भावना गेली साठ वर्षं शुद्ध बनाव आहे, गोड बनाव आहे म्हणा, पण बनावच.

वेळेपायी हे लोक कुठल्या थराला गेलेत त्याचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच पाचव्या जॉर्जचा शेवट जवळ आला, २० जानेवारी १९३६ ची रात्र, तेव्हा त्याच्या डॉक्टरनी, लॉर्ड डॉसननी, मॉर्फिन आणि कोकेनचं इंजेक्शन देऊन त्याला लवकर मोकळं केलं, आणि त्यामागे एक विचार असा होता की बातमी सकाळच्या ‘टाइम्स’मध्ये आधी यावी, संध्याकाळच्या हलक्यासलक्या पेपरांत नको. हे डॉसनच्या स्वतःच्या टिपणांत आहे, १९८६ साली ती बाहेर आली. आता बोला. आपण इथे टीआरपीला नावं ठेवतो.

पण मी म्हणतो ते ‘खास’ भाषण वेगळं. नाताळचं भाषण दर वर्षीचं, आपल्या १४ ऑगस्टच्या राष्ट्रपतींच्या भाषणासारखं, संध्याकाळी सात वाजता दूरदर्शनवर आधी हिंदीत मग इंग्रजीत, आमच्या घरी ती कुकर लावायची वेळ. खास भाषण म्हणजे काहीतरी झालंय म्हणून केलेलं. एलिझाबेथनी ७० वर्षं राज्य केलं त्यात अशी भाषणं बोटांवर मोजण्याइतकी. १९९१ ला आखाती युद्ध, १९९७ ला डायना, २००२ ला तिची आई गेली तेव्हा, २०१२ ला राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचं, आणि मग ५ एप्रिल २०२० ला कोरोनाचं. महिन्याभरानी युद्धविजयाच्या पंचाहत्तरीचं एक झालं, बस. इतकं कमी बोलल्यामुळेच ५ एप्रिलला जवळपास २ कोटी ४० लाख लोकांनी ते चार-साडेचार मिनिटांचं भाषण बघितलं. दुर्मिळपणा हेच त्याचं बळ. याउलट थायलंडमध्ये रोज रात्री आठच्या सुमाराला सगळ्या चॅनेलवर राजघराण्याची बातमीपत्रं असतात, कोणी कुठे फीत कापली, कोणी कुठे भेट दिली. रोज वाजणारी घंटा ऐकून कोण दार उघडतं?

५ एप्रिल २०२० म्हणजे आपल्याकडे रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे घालवून पणत्या लावल्या तीच रात्र. आमच्या सोसायटीत पणत्यांबरोबर फटाकेपण झाले, का ते विचारू नका. झोप लागेना म्हणून साडेबाराला मी फोनवर राणीचं भाषण लावलं. विंडसरच्या वाड्यात रेकॉर्ड केलेलं, खोलीत एकच कॅमेरामन, तोही पीपीई घालून, बाकी सगळे दुसऱ्या खोलीत. हिरवा ड्रेस, मोत्यांची माळ, आवाज शांत. चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पुन्हा आपण भेटू असं शेवटी म्हणाली तेव्हा मलाही जरा भरून आलं, माझा तिच्याशी काडीचा संबंध नसताना. आणि मग तासाभरात बातमी आली की त्यांचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन हॉस्पिटलमध्ये दाखल झालेत. म्हणजे ज्या संध्याकाळी राणीनी धीर दिला त्याच संध्याकाळी देश चालवणारा माणूस आजारी होऊन हॉस्पिटलच्या वाटेवर होता. ही जी दुसरी बातमी आहे ना, ती चॅनेलचं खरं काम. पहिली तर राजवाड्यानी आयती पाठवली होती.

कारण हे लक्षात घ्या, अशा भाषणाचा मजकूर न्यूजरूमकडे आधीच येतो, अमुक वाजेपर्यंत छापायचा-दाखवायचा नाही या अटीवर. १९९२ मध्ये ‘द सन’नी नाताळचं भाषण दोन दिवस आधी छापून टाकलं तर राणीनी कॉपीराइटचा दावा लावला, शेवटी पेपरला २ लाख पौंड धर्मादाय संस्थेला द्यावे लागले. मग मजकूर हातात असताना तो काउंटडाउन कशाला? राजवाड्याच्या बंद फाटकासमोर रिपोर्टर उभा करून "काय बोलतील असं वाटतं?" हे त्याला विचारायचं, आणि त्यानी, ज्याच्या ऑफिसात भाषण वाचून झालंय, "उत्सुकता शिगेला पोचली आहे" म्हणायचं. तुम्हाला तयारीला वेळ मिळालेला असतो हो. तो वेळ नकाशा, आकडे, संदर्भ, कायद्यात राजाला काय अधिकार आहे काय नाही, हे जुळवायला वापरा ना. तो जातो काळा टाय शोधण्यात. टायवरून आठवलं, २००२ ला राजमाता गेली तेव्हा बीबीसीवर बातम्या देणाऱ्या पीटर सिसन्सनी काळ्याऐवजी मरून टाय घातला म्हणून एवढा गदारोळ झाला की भाषणांतल्या एखाद्या शब्दावर कधी झाला नसेल.

रिमोटचं म्हणाल तर ९ एप्रिल २०२१ चा दिवस पुरेसा आहे. राणीचे नवरे प्रिन्स फिलिप वारले. हे काही भाषण नव्हतं, पण सवय तीच. बीबीसीनी एक नंबरच्या आणि दोन नंबरच्या दोन्ही चॅनेलवर तेच दाखवलं, न्यूज चॅनेलवर तेच, स्वतःचं चार नंबरचं चॅनेल बंद करून तिथे पाटी लावली की मुख्य चॅनेल लावा, मास्टरशेफची फायनल पुढे ढकलली. एकच श्रद्धांजली सगळ्या खिडक्यांतून. परिणाम काय, १ लाख ९ हजार ७४१ तक्रारी, अतिरेक झाला म्हणून, इतक्या की फक्त या विषयासाठी वेगळा तक्रार फॉर्म ठेवावा लागला. आणि त्या रात्री सगळ्यात जास्त बघितला गेलेला कार्यक्रम कुठला तर चॅनेल फोरवरचा (हे बीबीसीचं नव्हे, वेगळंच चॅनेल) गॉगलबॉक्स, ज्यात लोक सोफ्यावर बसून टीव्ही बघतात आणि आपण त्या लोकांना बघतो. यातल्या बहुतेकांचा राजघराण्यावर राग होता असं मला अजिबात वाटत नाही. म्हाताऱ्याबद्दल आदर असणारी माणसंसुद्धा तीन तासांनी म्हणतात, पुरे आता. दोन नंबरवर स्नूकर नाहीतर जुना सिनेमा चालू ठेवला असता तर एक नंबरवर बसलेल्यांचा आदरपण टिकला असता.

उलट चॅनेल फोरनी १९९३ पासून नाताळला स्वतःचं पर्यायी भाषण सुरू केलं. राणीच्या भाषणाला हे भाषण. कधी अमेरिकेची हेरगिरी उघड करणारा स्नोडेन, २००८ ला तर इराणचे राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद, त्यावर बोंबाबोंब झाली आणि ती व्हायलाच हवी होती. २०२० ला त्यांनी कॉम्प्युटरवर बनवलेली खोटी राणी नाचवली. सगळंच काही मला आवडतं असं नाही, पुष्कळदा उगाच खोड काढल्यासारखं वाटतं. पण बटण दाबलं की दुसरं काहीतरी दिसतं, एवढ्यासाठी शंभर गुन्हे माफ.

आता कोणी म्हणेल की अहो, संकटात सगळा देश एकाच वेळी एकच आवाज ऐकतोय याला काही किंमत आहे की नाही? आहे ना. स्पेनमध्ये २३ फेब्रुवारी १९८१ ला बंदुकधारी शिपाई संसदेत घुसले, खासदारांना ओलीस धरलं, सैन्य कुणाच्या बाजूनी आहे कोणाला कळेना. मध्यरात्र उलटून सव्वाच्या सुमारास राजा हुआन कार्लोस लष्करी गणवेशात टीव्हीवर आला आणि मी लोकशाहीच्या बाजूनी आहे असं सांगितलं, आणि बंडातली हवा गेली. तिथे कोणी पर्यायी चॅनेल मागणार नाही. पण मग शेजारच्या नेपाळचं काय करायचं? १ फेब्रुवारी २००५ ला सकाळी राजा ज्ञानेंद्र असाच टीव्हीवर आला, असाच गंभीर, आणि पंतप्रधान देउबांचं सरकार बरखास्त करून सगळी सत्ता हातात घेतल्याचं सांगितलं. त्यानंतरची दहा मिनिटं कशी होती? फोन बंद, इंटरनेट बंद, पुढारी नजरकैदेत, न्यूजरूममध्ये सैनिक, आणि एफएमवाल्यांना हुकूम की बातम्या नकोत, गाणी लावा. फ्रेम तीच, खुर्ची तीच, टीव्हीवर राजा तसाच रुबाबदार. एका भाषणानी लोकशाही वाचली आणि दुसऱ्यानी ती गुंडाळली. नुसतं भाषण बघून प्रेक्षकाला फरक कळायचा कसा? पुढे काय बोलू दिलं जातं त्यावरूनच कळणार. (नेपाळच्या लोकांनी सव्वा वर्षात उत्तर दिलं, २४ एप्रिल २००६ च्या मध्यरात्री त्याच राजाला त्याच टीव्हीवर येऊन संसद परत द्यावी लागली.)

स्पेनचाच दुसरा किस्सा, हुआन कार्लोसच्या मुलाचा. १८ मार्च २०२०, रात्री नऊ, कोरोनावर राजा फेलिपेचं भाषण. तेव्हा बापाच्या परदेशी पैशांचं प्रकरण तापलेलं होतं, भाषणात त्याचा उल्लेख नाही, तर लोकांनी भाषण चालू असताना बाल्कनीत येऊन भांडी बडवली, तो पैसा दवाखान्यांना द्या म्हणून. चारच दिवसांनी २२ तारखेला संध्याकाळी पाचला आपणही बाल्कनीत येऊन थाळ्या वाजवल्या, पण कौतुक म्हणून. एकाच आठवड्यात तोच आवाज आणि अर्थ असा उलटा! टीव्हीवर भाषण मात्र दोन्हीकडे निवांत, स्टुडिओत भांड्यांचा आवाज पोचत नाही.

आपल्याकडे राजा नाही, तरी सवय लागलीये. २४ मार्च २०२०, रात्री आठ. "थोड्याच वेळात" ही पट्टी दुपारपासून. पंतप्रधानांनी सांगितलं की रात्री बारापासून २१ दिवस लॉकडाऊन. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. मी साडेआठला वाण्याच्या दुकानाबाहेर होतो, पुढे वीस-बावीस माणसं, एकमेकांना खेटून, संसर्ग टाळायला निघालेला देश एकमेकांच्या मानेवर श्वास टाकत उभा. एक आजोबा साखरेच्या गाठी मागत होते आणि मागचे ओरडत होते की काका गाठीचं काय घेऊन बसलात, तांदूळ संपतायत. दूध-किराणा चालू राहणार हे सरकारी आदेशात त्याच दिवशी लिहिलेलं होतं! ज्याच्या हातात फोन होता तो बघत होता ते चॅनेल मात्र निर्णय किती धाडसी यावर सहा जणांची चर्चा घेऊन बसलेलं, चौकोनात सहा तोंडं. तिथे त्या क्षणाला एकच ओळ हवी होती, दुकानं उद्याही उघडी आहेत, घरी जा. भाषणात काय होतं आणि काय नव्हतं हा वाद मी इथे घालत नाहीये. पण भाषण संपल्यावरचं ते अर्धा तास चॅनेलचं होतं आणि ते त्यांनी आरती ओवाळण्यात घालवलं. लंडनवाल्यांना आपण हसायचं कारण नाही.

या कामाचा एक नमुना जुना आहे, आणि तो रेडिओचा आहे. १५ ऑगस्ट १९४५, दुपारी बारा, जपानचा सम्राट हिरोहितो पहिल्यांदाच आपल्या प्रजेला ऐकू आला. आधी रेकॉर्ड केलेली तबकडी. आता त्याची भाषा इतकी दरबारी आणि जुनाट, वर तबकडीची खरखर, की कित्येकांना कळेचना की बाबा हा शरण जायचं म्हणतोय का लढत राहा म्हणतोय, शरणागती हा शब्दच त्यात नव्हता. त्यानंतर निवेदकानी ते परत वाचून दाखवलं, सोपं करून सांगितलं, आणि तेव्हा कुठे लोकांना कळलं की युद्ध संपलं. आपल्या आईला हवं होतं ते हेच. विश्लेषक नको, तज्ज्ञांची फौज नको, एक निवेदक जो सांगेल की आत्ता हा माणूस जे म्हणाला त्याचा अर्थ हा, याच्यात हे नवीन, हे नेहमीचं, आणि हे हे तो बोललाच नाही. हिरोहितोच्या मुलानी, अकिहितोनी, ८ ऑगस्ट २०१६ ला दुपारी तीनला भाषण केलं तेव्हाही तसंच, वय झालंय, काम झेपत नाही असं आडून आडून बोलला, कारण राज्यघटनेप्रमाणे सम्राटाला राजकीय अधिकार नाही, पदत्यागाची मागणी सरळ करता येत नाही. न बोललेलं समजावून सांगायला तिथे बातमीदार लागतातच.

याच अकिहितोचं २०११ चं भाषण मात्र मला सगळ्यात जवळचं. ११ मार्चला भूकंप आणि त्सुनामी, फुकुशिमाच्या अणुभट्ट्या हाताबाहेर चाललेल्या, हजारो माणसं बेपत्ता. १६ तारखेला सम्राटाचा रेकॉर्ड केलेला संदेश आला, सहाएक मिनिटांचा. तो चॅनेलवाल्यांना देताना राजवाड्याकडून त्याची इच्छा कळवली होती, की भाषण चालू असताना तातडीची बातमी आली तर मला मधेच तोडा आणि ती दाखवा.